मोठा मॉनिटर

टायपिस्टबाई आठ दिवसांच्या रजेवर गेल्या आणि हेडक्लार्क भाऊसाहेबांनी त्यांचा ऐसपैस मॉनिटर उचलून आपल्या टेबलावर आणला. आपला जुना, लहानगा बाईंच्या टेबलावर ठेवून दिला. वीस वर्षं खुर्ची झिजवली आपण आणि मोठा पडदा कालच्या बाईला, हे त्यांना कधीचं डाचत होतं.

पण पडदा घडीघडी काळा व्हायला लागला. वर 'ग्राफिक्स ड्रायव्हर बंद पडला आहे' हे ठरलेलं तुणतुणं.

"साहेब, मॉनिटर बदललात का?" कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने विचारलं.

"मी कशाला हात लावतोय? तुमचे ड्रायव्हरच भिकार!"

बिचाऱ्याने चार दिवस ड्रायव्हर काढला, टाकला, पुन्हा काढला आणि रोज बोलणी खाल्ली.

आज बाई हजर झाल्या, काळा चष्मा लावून. आपल्या टेबलाजवळ क्षणभर थांबल्या, मग भाऊसाहेबांच्या टेबलापाशी आल्या. भाऊसाहेब कीबोर्डवरची नसलेली धूळ झटकू लागले.

"याला नवा ड्रायव्हर चालत नाही," बाई दुरुस्तीवाल्याला म्हणाल्या. "जुना टाका. माझ्याकडे होता तेव्हा मीही तोच टाकून घेतला होता."

पाच मिनिटांत पडदा लख्ख झाला. दुरुस्तीवाल्याने भाऊसाहेबांकडे नुसतं पाहिलं आणि बॅग उचलली.

तो गेल्यावर बाई खाली वाकल्या आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या,



"भाऊसाहेब, तुम्हालाही कमी दिसायला लागलं का हो? मग राहू दे तो तुमच्याकडेच."