चौकटीसाठी घेतलेलं चित्र

नानपुऱ्यात एका पारशी बंगल्यातल्या जुन्या वस्तूंचा लिलाव झाला. तिथून आमच्या यांनी कुणा पारशी म्हातारीचं तैलचित्र आणलं, तेही नुसत्या सोनेरी चौकटीसाठी. "रविवारी ही म्हातारी काढतो आणि आरसा बसवतो," म्हणाले.

रविवारी मीच अडवलं. "राहू द्या. नीलू पाळण्यातून तिच्याकडे बघत गप्प पडून राहते. मला पाण्याला तरी जाता येतं. घरात दुसरं वडीलधारं आहे कोण?"

"चित्राच्या भरवशावर पोर टाकून जातेस?" हे हसायला लागले. "बीए झालीस ना तू?"

पण चित्र काही काढलं नाही. रोज हंडा उचलताना मी हात जोडून सांगायचे, "आजी, लक्ष ठेवा हं," आणि तरीही नळावरून मध्येच धावत येऊन बघून जायचे.

एकदा अशीच धावत आले, तर ऑफिसला निघालेले हे, पायातले बूट काढून चित्रापुढे उभे. "माजी, छोकरीनुं जरा ध्यान राखजो."

मला बघून ओशाळले. मग म्हणाले, "तू रोज मराठीत सांगतेस. त्यांना कळायला नको?"