लाल फडकं

“संप मोडायला आला!” असं ओरडत संपकरी एसटी डेपोच्या गेटवरच खंडागळे मेकॅनिकवर तुटून पडले. फितुरासाठी आणलेल्या बांगड्या त्यांचा पुढारी बोडके याने त्याच्या मनगटांत कोंबल्या. काचा फुटून हातात घुसल्या.

“अरे, कोपऱ्यातल्या गाडीचे मागचे ब्रेक खोललेत मी,” खंडागळे रक्त थुंकत म्हणाला. “संप पुकारला अन् काम तसंच राहिलं. तेवढं करू द्या.”

“स्टेअरिंगला लाल फडकं बांधलंस ना? मग कोण हात लावतंय तिला?” बोडक्याने त्याच्या कानाखाली जाळ काढला. लाल फडक्याची गाडी या डेपोत कुणीच हलवत नसे.

तेवढ्यात तीच गाडी आतून निघाली. संपकऱ्यांची सरकारी क्वार्टर्स सकाळीच पोलिसांनी रिकामी केली होती. त्यांची बायकापोरं भांड्याकुंड्यांसह गावी धाडायची होती. ड्रायव्हर कंत्राटी, बाहेरगावचा. त्याला ते फडकं देवीचं वाटलं, म्हणून त्याने ते सोडून समोरच्या काचेवरच्या आरशाला बांधलं होतं. खिडकीत बोडक्याची बायको होती, मांडीवर लेक. आणि गेटबाहेर लगेच घाटाचा उतार.

“थांबव! ब्रेक नाहीत!” घोषणांच्या गदारोळात बोडक्याचा आवाज कुणालाच ऐकू गेला नाही. त्याने धोंडा उचलून काचेवर घातला. पाठीत, डोक्यात गाडीसोबतच्या पोलिसांच्या लाठ्या बसल्या, तरी त्याने दुसरा उचलला.

“पळव गाडी, जाळतील हे!” फौजदार ड्रायव्हरवर ओरडला.

त्याने उतारावर पळवली.