पूजेतल्या चाव्या

झरीच्या ग्रामपंचायतीत खंडेनवमीची पूजा मांडली होती. पाटावर कुदळ, विळा, मोटारीचे पाने. आणि भिंतीवर एक कुलूपबंद लोखंडी पेटी. शिपाई सितारामने प्रतिवर्षाप्रमाणे पेटीलाही हळदकुंकू वाहिले व झेंडूची माळ घातली. पेटीच्या फटीतून एक हिरवा दिवा लुकलुकत होता.

ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान चालविणारी राजेश्री त्या फटीला डोळा लावून उभी राहिली. गावात पूर्वी इंटरनेट पुरविणारे दोघे होते. उन्हाळ्यात त्यांपैकी दत्तरावांनी दुसऱ्याचा धंदा विकत घेतला आणि श्रावणात दर दुप्पट केला. हाच दर राहिला तर दिवाळीनंतर आपल्या दुकानास टाळे लागणार, हे तिला कळून चुकले होते.

"मामा, ह्या पेटीत काय हाय ओ?"

"सरकारचं नेट. लय दिवस झाले येऊन."

"मंग गावाला का मिळंना?"

"जोडून द्यायचा ठेका दत्तरावालाच हाय की," सिताराम उदबत्ती ओवाळीत पुटपुटला.

तेवढ्यात दत्तराव स्वतःच आले. त्यांनी चपला काढल्या, कमरेचा चाव्यांचा जुडगा सोडून भक्तिभावाने पाटावर ठेवला, त्यावर कुंकू वाहिले आणि नारळ फोडला.

"काका, दर कमी करा की," राजेश्री म्हणाली. "दरावर सरकारचा काई वचक हाय का न्हाई?"

"हाय ना! कर की तक्रार." दत्तराव हसले. "ती बी ऑनलाइनच करावी लागती, माझ्याच नेटवरून."

जमलेली मंडळी खो खो हसली. राजेश्रीही हसली, परंतु तिची नजर फटीवरून हटली नाही.

"बरं, पेटी तर उघडून दाखवा. जोडायला जागा हाय का, तेवढंच बघते."

"खुळी का काय तू? पूजेतल्या लोखंडाला आज हात लावतेत का? पेटीची चावी बी त्या जुडग्यातच हाय. उद्या दसऱ्याला चाव्या उचलल्यावर बघू."

"लावू नगा, काका. उद्या तुमी उचलूस्तोवर मी इथंच बसते."

आणि ती खरोखरच पाटासमोर मांडी घालून बसली. सितारामने तिच्यासाठी सतरंजी अंथरली. दोघे-तिघे आळीपाळीने फटीतून डोकावू लागले. "वायर जोडायची चार भोकं दिसायलेत," एकजण म्हणाला, "चारी बी रिकामीच."

दत्तराव तडक बाहेर पडले. मोटारसायकलवर बसले, कंबर चाचपली, आणि थबकले. त्यांनी वळून पाहिले. दारात सारे गाव उभे होते. आत पाटावर, कुंकवाने माखलेल्या जुडग्यात, गाडीचीही चावी होती.

ते उतरले आणि पायीच घराकडे निघाले.

सिताराम उरलेले हळदकुंकू घेऊन बाहेर आला आणि त्याने त्या उभ्या गाडीलाही एक बोट टेकविले.