अठरा सालचा रुपया

"हा रुपया खोटा हाये," जमादारानं दुसऱ्यांदा सांगितलं, तरी भुरीबाई जागची हलली नाही.

सन एकोणीसशे तेवीसचा मालेगावचा बाजार. तांड्यावरून आलेल्या भुरीबाईनं कापडासाठी गळ्यातल्या माळेतला एक रुपया तोडून दिला, तर रामकिसन कापडवाल्यानं थेट जमादारच बोलावला. रुपयावरचं साल, अठराचा आकडा, दुहेरी उमटलेला होता. खोटं नाणं चालवलं म्हणजे तुरुंग ठरलेला.

"कापूस येचून कमावली मी ही माळ," भुरीबाई म्हणाली. "तुरुंगात टाकायचं तं टाका, पन मले खोटारडी म्हनू नोका."

बाई कसली, निखाराच तो.

समोरच्या दुकानातून इंद्रभान सोनार हे पाहत होता. त्या माळेच्या रुपयांना कड्या त्यानंच जोडल्या होत्या. ही बाई आत गेली तर आपली झोप उडणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो उठला, गर्दीत घुसला आणि रुपया हातात घेतला. भिंगसुद्धा मागितलं नाही.

"जमादारसायेब, ठोकताना यंत्र हाललं तं दुसरी रेघ चपटी येते, घासल्यावानी. अन् दर रुपयावर न्यारी. ही पाहा, भरीव हाये, कोपऱ्यावर फाटलेली. हा दोष साच्यातलाच. त्या साच्याच्या दर रुपयावर असाच दिसन."

"सरकारचा साचा चुकते काय?"

"काहून नाही चुकत? सरकारबी मानसंच चालवतात. शेठजीचा गल्ला उघडा, मी दाखवतो."

गल्ल्यात तसलेच तीन निघाले.

"आता शेठजीलेबी बेड्या घाला," इंद्रभान म्हणाला.

लोक खो खो हसले. रामकिसननं कापड फाडून दिलं. जमादार मिशीवर हात फिरवत निघून गेला.

भुरीबाईचे डोळे भरून आले. "सख्खा भाऊ उभा राह्यला नसता असा," ती म्हणाली. मग ओढणीच्या गाठीतून तिनं सात रुपये काढले. लेकीच्या माळेसाठी त्यांना कड्या लावायच्या होत्या. इंद्रभाननं मोजून पाहायला सांगितलं, पण भावाजवळ कसली मोजणी म्हणत ती तांड्याच्या वाटेला लागली.

इंद्रभाननं दुकानाचं दार लोटून घेतलं. तिचे सात रुपये त्यानं पेटीत टाकले, भात्यामागच्या डब्यातून दुसरे सात काढले आणि कड्या जोडायला बसला. सातही रुपयांच्या अठरावर तीच भरीव दुसरी रेघ होती.