गोलामागची जीप

"पुन्हा गरम झाली," असं म्हणत फिरोजभाई जीपमधून उतरले आणि त्यांनी बॉनेट उघडलं.

देवसिंग घाईनं त्यांच्यापाशी आला. वणीचं एवढं मोठं मैदान, आणि जीप बंद पडली ती नेमकी गोलामागं, तोंड मैदानाकडे करून!

"तिकडं टपरीपाशी नेऊ ना, फिरोजभाई. चहा पेऊ."

"सुरू झाली तं नेईन ना भाऊ. तुमी पोरी पाहा, मी इंजिन पाह्यतो."

मैदानाकडे पाठ करून त्यांनी इंजिनात डोकं घातलं. पान्याची ठकठक सुरू झाली.

पोरी म्हणजे दारव्ह्याच्या जिनिंग क्लबचा मुलींचा फुटबॉल संघ. कापसाला भाव राहिला नाही, गाड्या यायच्या थांबल्या, सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याला कुलूप लागलं. त्या रिकाम्या आवारात हा क्लब उभा राहिला होता. आधी पुरुषांचा संघ, मग मुलींचा. गाव वर्गणी काढायचं, खेळणाऱ्यांना सामन्यामागे थोडं मानधन मिळायचं. पूर्वी तिथंच कापसाच्या गाठी बांधणारा देवसिंग दोन्ही संघांचा कोच होता. बाजाराच्या सवाऱ्या कमी झाल्यापासून फिरोजभाईंची जीप क्लबसाठीच धावायची.

आणि मुलींची गोलकीपर होती त्यांचीच गझाला. हे त्यांना सोडून सगळ्या दारव्ह्याला ठाऊक होतं.

त्यांच्या लेखी ती फाटलेल्या जर्स्या शिवायला संघासोबत यायची. एकदा चौकात लोकांसमोर ते बोलून बसले होते, "पोरगी शिवायले जाईन, खेळायले नाही. मैदानात दिसली तं जीप बंद, अन् तिचं घराबाहेर निघनंही बंद."

म्हणून गझाला बुरख्यात यायची आणि टोपी, लांब बाह्या, ट्रॅकपँट अशा वेशात मैदानात उतरायची. तिला नावानं हाक मारायची नाही, फक्त 'कीपर' म्हणायचं, असा क्लबचा दंडकच होता. आज जिंकलं तर मुलींना विभागाच्या लीगमध्ये जागा मिळणार होती. दुसरी कीपर क्लबकडे नव्हती.

सकाळी पुरुषांचा संघ जिंकला होता. त्यांचा कप्तान जुनेद रेषेवरून ओरडला, "आमी आमचं काम केलं. आता तुमी नाक कापू नका!"

"तुमचा गोल तं त्यायच्याच बॅकनं मारून देल्ला!" मुलींची कप्तान वर्षानं तिथल्या तिथं परतवलं.

सामना सुरू झाला. वणीच्या मुली दांडग्या होत्या. चेंडू सारखा गझालाकडेच येत होता आणि ती तो आडवी झेप घेऊन अडवत होती. जिनिंगच्या कोपऱ्यात उरलेल्या रुईच्या ढिगावर पडून पडून ती ही झेप शिकली होती. देवसिंगची छाती भरून यायची आणि लगेच मान मागं वळायची. फिरोजभाईंचं डोकं इंजिनातच होतं.

मध्यंतर झालं. आता बाजू बदलणार, गझाला पलीकडच्या गोलात जाणार. देवसिंगनं सुटकेचा श्वास टाकला.

"ए जुनेद, धक्का मारा रे!" मागून आवाज आला. "इथं ऊन आलं. इंजिन थंडच होऊन नाही राह्यलं."

पोरांनी जीप ढकलत पलीकडच्या गोलामागं नेली.

"कोच, दर मॅचले हेच," जुनेद घाम पुसत आला. "या जीपले फुटबॉल पचतच नाही. वरतून तिचा बाजूचा आरसाही उलटाच फिरते."

"नट ढिला हाय त्याचा," देवसिंग म्हणाला. फिरोजभाई तसंच सांगायचे. परतताना दर वेळी देवसिंगच तो सरळ करायचा.

उत्तरार्धात वर्षानं गोल केला. मग सामना संपता संपता वणीला पेनल्टी मिळाली.

मैदान गप्प झालं. पान्याची ठकठकही थांबली.

चेंडू उजव्या कोपऱ्याकडे निघाला. गझाला हवेत आडवी झाली आणि तिच्या बोटांना लागून तो खांबाबाहेर गेला.

"शाब्बास गे गझाला!"

ओरडली ती संघासोबत आलेली देवसिंगची बायको मानीबाई. लगेच तिनं पदर तोंडावर दाबला. देवसिंगनं घाबरून मागं पाहिलं. फिरोजभाई बॉनेटखाली तसेच वाकलेले. ऐकू गेलं नसावं.

शिट्टी वाजली. पोरींनी एकमेकींना मिठ्या मारल्या, पुरुषांच्या संघानं वर्षाला खांद्यावर घेतलं. बंद जिनिंगच्या आवारातल्या पोरी विभागात खेळणार होत्या! देवसिंग डोळे पुसत जीपकडे आला.

फिरोजभाई डबा घेऊन पाणी आणायला गेले होते. पाना मडगार्डवर पडला होता. या माणसानं क्लबसाठी इतकं केलं, आपण निदान त्याच्या आरशाचा नट तरी आवळून द्यावा, असं देवसिंगला वाटलं. फिरोजभाई उभे असत तिथंच, मैदानाकडे पाठ करून तो उभा राहिला आणि त्यानं पाना लावला.

नट हलेना. तो पक्का आवळलेला होता.

देवसिंगनं नजर वर केली. आरशात अख्खा गोल मावला होता, या खांबापासून त्या खांबापर्यंत, आणि मधोमध गझाला टोपी काढून घाम पुसत होती.