छत्रीच्या काड्यांचा झगा

कर्जतच्या शिवणवर्गाच्या प्रदर्शनासाठी हिराने राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्यासारखा काळा झगा बेतला होता. कापड आणि काड्या तिच्या बापाच्या, कोंडीरामच्या, दुकानातल्या मोडक्या छत्र्यांच्या होत्या. झगा फसला तर शिवणयंत्र विकायचं, असं घरात ठरलं होतं. पडद्यामागचं दार अरुंद असल्यामुळे ती झगा मिटूनच मंचावर आली. उंच गळपट्टीखाली काळं कापड अंगाभोवती लोंबत होतं. “कोंडीराम, लेक हाय का वटवाघूळ रं?” मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. छत्र्या दुरुस्त करणाऱ्या बापाने मान खाली घातली. हिराने मधोमध थांबून कमरेचा खटका दाबला. काड्या ताणल्या गेल्या आणि चर्चच्या खिडक्यांसारख्या टोकदार कमानींचा घेर तिच्याभोवती फुलला. हसणारे माना उंचावून पाहू लागले. घरात छत्री उघडली की अपशकुन होतो म्हणून लेकीवर खेकसणारा कोंडीराम बाकावर चढला. “गोल फिर गं हिरे, मागच्यांना दिसू दे!”