पहिले दीड हजार

"भाऊजी, गाडी चालवताय की पाळणा हलवताय?" मेस्त्री म्हणाला. मागच्या ट्रकने तिसऱ्यांदा हॉर्न मारला.

पुस्तकरावांनी वेग पंचावन्नवरून सत्तरवर नेला, जरा वेळ तिथे ठेवला आणि पुन्हा साठवर आणला. ट्रक शिव्या दिल्यासारखा घरघरत पुढे निघून गेला.

पुस्तकराव हे नाव मेस्त्रीनेच ठेवलेलं, ताईच्या लग्नातच. माणूस छापखान्यात मुद्रितं तपासायचा आणि घरी आल्यावर मिक्सरचं माहितीपत्रकसुद्धा पेन्सिल घेऊन वाचायचा. सख्ख्या मेहुण्यालाही अहो-जाहो करायचा. चार माणसांत त्याचा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता. असल्या माणसाने गाडी घ्यावी, याचंच मेस्त्रीला हसू आलं होतं. आज रविवारी सकाळी ते गॅरेजवर आले, ते चाकांची हवा तपासून घ्यायला. स्टेपनीचीसुद्धा. मेस्त्रीने हवा बघितली, हात पुसले आणि 'चला, बघू तरी कशी हाकता' म्हणत शेजारच्या सीटवर बसला.

"एकाच वेगाने चालवायची नाही म्हणे," पुस्तकराव आता म्हणाले. "वेग बदलत राहायचा. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा नाही. इंजिनातल्या रिंगा नीट बसतात."

"कुणी सांगितलं?"

"गाडीबरोबर पुस्तक आलंय. त्यात आहे."

"पुस्तक!" मेस्त्री खो खो हसला. "बावीस वर्षं इंजिनं उघडतोय मी. हल्लीची इंजिनं कारखान्यातून तयार होऊनच येतात. त्यांना पिळायचं असतं, गोंजारायचं नसतं. दाबा पाय! तुमच्याच्याने व्हायचं नाही ते. ताईचं नशीब, दुसरं काय."

पुस्तकरावांनी गिअर बदलला. तोही इतका हलक्या हाताने, की मेस्त्रीला तिडीक आली. एवढं बोलूनही या माणसाला राग येत नाही! अंगात रक्त आहे की छपाईची शाई?

तेवढ्यात त्याची नजर किलोमीटरच्या आकड्यावर गेली. चौदाशे नव्वद.

मेस्त्री बोटं मोजू लागला. गाडी घेऊन सव्वीस दिवस झाले होते. छापखाना घरापासून चालत दहा मिनिटांवर. ताईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं, ते हॉस्पिटल जेमतेम चार किलोमीटर. कसाही हिशेब मांडला तरी तीन-साडेतीनशेच्या वर आकडा जात नव्हता. मग हा बाबा उरलेला वेळ हिंडत कुठे होता?

ताई मशीनवरून आली की दोन दोन तास ग्लानीत पडून असते, हे मेस्त्रीला ठाऊक होतं. कानावर आलं होतं, इतकंच. गेले दोन महिने त्याला तिच्याकडे जायला जमलं नव्हतं. गॅरेज टाकून जाणार कसं? पण त्या दोन तासांत हा माणूस नवी गाडी काढून बाहेर पडत होता, हे उघड होतं. एखादी बाई असणार. आणि तिच्याकडेही हा साठच्याच वेगाने जात असणार! मेस्त्रीला थुंकावंसं वाटलं.

"गाडी बाजूला घ्या," तो म्हणाला.

पुस्तकरावांनी दिवा दाखवून, आरशात बघून, गाडी एका बंद कारखान्याच्या भिंतीशी उभी केली.

"चौदाशे नव्वद किलोमीटर. रोज जाता कुठे?"

"कुठेच नाही. हमरस्त्याने पन्नास किलोमीटर जातो आणि परत येतो. ती झोपलेली असते तेव्हा. शेजारच्या काकू बसतात तिच्याजवळ."

"मला शेंडी लावू नका. कशासाठी?"

पुस्तकरावांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. "मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात तिचं नाव लावलंय, किडनीसाठी. माझी चालत नाही, मला मधुमेह. ते कधीही फोन करतील. फोन आला की चार तासांत पोचायचं. रस्ता आहे तीनशे किलोमीटरचा. म्हणजे मध्ये कुठे सव्वाशेनेही पळवावी लागेल. आणि पुस्तकात लिहिलंय, पहिले दीड हजार होईपर्यंत तसं पळवू नका. म्हटलं, ते आधी उरकून टाकावेत. ऐन वेळी गाडीने दगा द्यायला नको."

मेस्त्रीने आवाज चढवला. चूक कबूल करायची वेळ आली की त्याचा आवाज असाच चढायचा.

"मग एका शब्दाने सांगायचं नाही होय? रात्री-अपरात्री हाक मारली असती तरी मी गाडी घेऊन उभा राहिलो असतो! तिचा पाठचा भाऊ आहे मी. जीव टाकतो ताईवर. तुम्ही मला समजता काय?"

पुस्तकरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि गाडी सुरू केली. ती हलण्याआधी ते म्हणाले, नेहमीच्याच खालच्या आवाजात, "तुमची किडनी जुळली होती आणि तुम्ही नको म्हणालात, हे मी तिला सांगितलेलं नाही. जुळली नाही, एवढंच सांगितलंय. तिने विचारलं तर तुम्हीही तेच सांगा."